पुडा किती दिवस पुरतो?

घरात मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो, असे कुणी अचानक विचारले तर आपल्यापैकी फार थोड्यांना उत्तर देता येईल. तेलाचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. गॅसची टाकी कधी लावली, साखर कधी आणली, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. मिठाचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही, कारण ते स्वस्त. संपले की कोपऱ्यावरच्या दुकानात पोराला पिटाळायचे. स्वयंपाकघरात मोजल्याशिवाय वापरली जाणारी ही बहुधा एकच वस्तू उरली आहे.

या विषयावर लिहावे असे आमच्या मनात आले ते आमच्या शाळेतल्या एका आईच्या प्रश्नामुळे. सोलापूरच्या बाजारात हमाली करणाऱ्या तिच्या नवऱ्याला वयाच्या पंचेचाळिशीत लकवा मारला. रक्तदाब वाढलेला होता, पण कधी तपासलाच नव्हता. उजवा हात आता पूर्वीसारखा चालत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितले गेले की मीठ कमी करा, फळे खा, कोशिंबीर खा, सुका मेवा खा. ती पालकसभेला आली तेव्हा हे सगळे सांगून तिने आम्हाला विचारले, "चटनीच सालन है हमारा. उसमें का नमक निकाले तो रोटी काय से खाना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पैसा कमी असतो तेव्हा मीठ हे चवीचे सर्वांत स्वस्त साधन असते. महिनाअखेरीस डाळ पातळ होते, आणि ती जितकी पातळ तितके तिच्यात मीठ वाढते. भाजी नसेल त्या दिवशी भाकरीबरोबर लोणच्याची फोड, पापड किंवा चटणी असते, आणि तिन्हींना मिठाचाच आधार. अशा घराला "मीठ कमी करा" एवढेच सांगणे म्हणजे पानातली उरलेली एक चव काढून घेण्यासारखे आहे. म्हणून मीठ कुठून काढायचे आणि त्या जागी काय घालायचे, दोन्ही एकत्र सांगायला हवे, आणि तेही विकत काही न आणता.

आधी हिशेब. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेतही ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शीग भरून नव्हे, बोटाने सपाट केलेला. त्यात दिवसभरातले सगळे आले: डाळ, सालन, भात, लोणचे, चहाबरोबरची खारी, रस्त्यावरचे भजे. लहान मुलांना याहूनही कमी लागते. जगातला मोठा माणूस सरासरी याच्या दुपटीहून जास्त मीठ खातो.

आता हे पुड्याला लावू. घरात सहा माणसे असतील तर दिवसाला ३० ग्रॅम, महिन्याला ९०० ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा महिनाभर पुरून थोडा उरायला हवा. चार माणसांच्या घरात तो ५० दिवस चालावा. उलटा हिशेबही सोपा आहे: १००० ला दिवसांनी भागा, मग माणसांनी भागा. सहा माणसांत पुडा १५ दिवसांत संपत असेल तर माणशी ११ ग्रॅम झाले. त्यात बाहेरचे मीठ अजून धरलेलेच नाही.

आम्ही हा भागाकार सातवीच्या वर्गाला घरचा अभ्यास म्हणून दिला. नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला, संपेल त्या दिवशी दुसरी तारीख लिहा, आणि भागाकार करून आणा. गणिताच्या पुस्तकातली उदाहरणे टाळणारी मुलेसुद्धा हे करून घेऊन आली. कुणाकडे पुडा महिनाभर चाललेला, कुणाकडे बारा दिवसांत संपलेला. एका मुलाच्या घरी तर तो तीन दिवसांत उडाला आणि वर्गात हशा पिकला. चौकशी केल्यावर कळले की त्याच आठवड्यात दादीने लिंबाचे लोणचे घातले होते. तेव्हा लोणचे-पापडाचे मीठ वेगळ्या पुड्यातून घ्यावे, नाहीतर हिशेब फसतो. सालन-भाताला लागणारे मीठ तेवढे या मोजणीत धरावे.

मुलांच्या हातून हे काम होते, याचा दाखला चीनमध्ये आहे. उत्तर चीनमधल्या चांगझी शहरात पाचवीच्या मुलांना एका सत्रात मिठाबद्दल शिकवले आणि घरी जाऊन घरच्यांना सांगायला लावले. साडेतीन महिन्यांनी, न शिकवलेल्या शाळांशी तुलना केली तेव्हा, त्या मुलांच्या घरातल्या मोठ्या माणसांचे मीठ दिवसाला जवळजवळ ३ ग्रॅमनी कमी भरले. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले आहे. आजोबा डॉक्टरांचे ऐकत नाहीत, सुनेचे तर नाहीच नाही; नातीचे ऐकतात. हे आम्हाला चीनमधून कळण्याची गरज नव्हती, पण आकड्यासह कळले हे बरे झाले.

आकडा हाती आला की एकदम हात आखडू नये. पहिल्या दिवशीच मीठ निम्मे केले तर दस्तरखानावर पहिल्या घासाला "सालन फीका है" ऐकू येते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जुन्या वळणावर. जिभेची सवय मोडायला काही आठवडे लागतात आणि ती हळूहळूच मोडते. सकाळीच दिवसभराचे मीठ एका छोट्या वाटीत मोजून काढावे आणि डाळ, सालन, भात, जे काय शिजेल ते त्या वाटीतूनच. सहा माणसांच्या घरात आज आठ चमचे लागत असतील तर दहा दिवस साडेसात, पुढचे दहा दिवस सात. पाचवर येईपर्यंत दोन महिने लागले तरी लागू देत. सहावा चमचा पाव, बिस्किटे आणि लोणच्यातून पोटात जातोच. घरात चमच्याऐवजी हाताच्या अंदाजाने मीठ टाकायची सवय असेल, तर मूठ किंवा चिमूट आधी वाटीवर धरून चमच्याने मोजून बघावी. अनुभवी हातांचा अंदाज पक्का असतो, पण तो जुन्या मापाचा असतो.

पहिली कात्री कुठे लावावी? भातात आणि पोळीत. आपल्या घरांत खुश्का शिजवताना पाण्यात मीठ पडते, डाळीत वेगळे, सालनात वेगळे, आणि तिन्ही एकाच ताटात येतात. शेजारच्या कितीतरी मराठी घरांत वरणाबरोबरचा भात मिठाशिवाय शिजतो आणि कुणी तक्रार करत नाही. ज्वारीच्या भाकरीत तर आपणही मीठ घालत नाही. मग चपातीच्या कणकेतले काढायला काय हरकत आहे? सालनाबरोबर खाताना फरक कळत नाही. या दोन ठिकाणचे मीठ काढले तर सालनाच्या चवीला हातही लावावा लागत नाही.

दुसरी जागा गोश्त. ते लावताना आले-लसूण, हळद आणि मीठ पडते, मग मसाला भुनताना पुन्हा मीठ. बाजारच्या तयार मसाल्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा, बऱ्याचदा त्यातही मीठ असते. घरचा कांदा-लसूण मसाला कुटून आणताना तो टिकावा म्हणून खडे मीठ घातलेले असते. म्हणजे एकाच देगचीत मीठ तीनदा. मसाला पडल्यावर चाखून मगच मीठ टाकावे, हा जुन्या आजीबाईंचा नियम उगाच नव्हता.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. चटणीतले मीठ काढायचे तर चटणीत घालायचे काय?

याचे उत्तर आंबटपणात आणि फोडणीत आहे. जिभेला आंबट लागले की खारट कमी असल्याचे तिला चटकन कळत नाही. चिंच, कैरी, लिंबू, आमसूल, ताक, अंबाडी, चुका, यातले काही ना काही प्रत्येक मोसमात स्वस्त असतेच. मराठवाड्यातल्या आणि आमच्या सोलापूरकडच्या घरांत खट्टी दाल होते, तिच्याइतकी या कामाची दुसरी वस्तू नाही. मसूर तुरीहून स्वस्त मिळत असेल तर मसूर घ्यावी. हळद घालून ती गळेस्तोवर शिजवावी, चिंचेचा कोळ घालावा, आणि बघार सढळ हाताने द्यावा: लसूण चांगला लाल होऊ द्यावा, जिरे, कढीपत्ता, सुकी लाल मिरची. सढळ हात लसणाला, तेलाला नव्हे. या डाळीत नेहमीच्या दोन तृतीयांश मीठ घातले तरी कुणी विचारत नाही. डाळ पातळच करावी लागत असेल तर तिला चव चिंच देते, मिठाला ते काम करावे लागत नाही. पावसाळ्यात अंबाडीची जुडी स्वस्त असते तेव्हा तीच डाळीत शिजवली की चिंचही वाचते.

शेंगदाण्याची चटणी तर सोलापूरकरांना सांगायला नको. दाणे मंद आचेवर खरपूस भाजावेत, कच्चट राहिले की चव यायला मीठ जास्त लागते. लसूण नेहमीपेक्षा दोन पाकळ्या जास्त, जिरे भाजून, तिखट, आणि थोडी आमचूर पूड किंवा वाळलेल्या चिंचेचा तुकडा. मीठ नेहमीच्या निम्मे. खलात जाडसर कुटली तर दाण्याचे तेल सुटून चव भरते. मिक्सरमध्ये पीठ होते आणि ती मजा जाते. चटणी कोरडी असल्यामुळे मीठ कमी असले तरी ती आठ-दहा दिवस सहज टिकते. जवस, कारळे आणि तिळाच्या चटण्यांनाही हेच लागू. आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी कांदा मुठीने फोडून, हिरवी मिरची तव्यावर भाजून, वर लिंबू पिळून भाकरीबरोबर खावा. याला मीठ जवळपास लागतच नाही.

लोणच्याची गोष्ट मात्र उलटी आहे. लोणच्यात मीठ कमी केले तर बुरशी येते आणि वर्षभराची बरणी फेकून द्यावी लागते. गरिबाच्या घरात हे परवडणारे नाही. म्हणून बरणीतले मीठ तसेच राहू द्यावे, पानातली फोड लहान करावी. मोसमात कैरी स्वस्त असते तेव्हा तात्पुरते लोणचे करावे: कैरीच्या बारीक फोडी, तिखट, गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ, दोन दिवसांत संपवायचे. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि त्यातही मिठात असते तेच सोडियम असते. रोज दोन पापड खाणाऱ्याने आठवड्यातून दोनदा खावेत.

बकरी ईदनंतर ज्या घरांत फ्रीज नसतो तिथे गोश्ताच्या लांब पट्ट्या मीठ-हळद लावून दोरीवर वाळवतात. शिजवण्याआधी ते गरम पाण्यात भिजवावे, ते पाणी टाकून पुन्हा धुवावे आणि मग सालनात मीठ न टाकताच चाखून बघावे. कोकणातल्या वाचकांनी सुक्या मासळीत फरक करावा. बोंबील साधारणपणे मीठ न लावता उन्हात वाळवतात, पण खारवलेला बांगडा मिठातच मुरलेला असतो, तो दोनदा पाणी बदलून भिजवल्याशिवाय वापरू नये. कोकमाचे आगळही खारे असते. त्यापेक्षा आमसूल बरे, तेही मीठ लावलेले असेल तर धुऊन.

रमजानमध्ये हा सगळा हिशेब मोडतो. इफ्तारला भजी, समोसे, कापलेल्या फळांवर चाट मसाला, आणि सहरीला रात्रीचे खारे सालन. मग दिवसभर तहान लागते आणि दोष उन्हाला दिला जातो. सहरीला लोणचे-पापड टाळून दही-रोटी किंवा साधी खिचडी घेतली तर दुपारी घसा कोरडा पडण्याचे प्रमाण कमी होते. फळांवर चाट मसाल्याऐवजी लिंबू पिळावे. चाट मसाल्यात साधे आणि काळे अशी दोन्ही मिठे असतात. काही घरांत जेवणाच्या सुरुवातीला आणि शेवटी मीठ चाखण्याची रीत आहे. तिच्या सनदेबद्दल आलिमांनी चर्चा केलेली आहे, त्या वादात आम्ही पडत नाही. ज्यांना ती पाळायची त्यांनी बोटाच्या टोकाला लागेल तेवढेच घ्यावे आणि ते वाटीच्या हिशेबात धरावे.

घरात एखाद्याला रक्तदाब असेल तर बहुतेक ठिकाणी त्याच्यासाठी वेगळी फीकी देगची चढते. आम्हाला ही पद्धत पटत नाही. दोन देगच्या म्हणजे गॅस दुप्पट, सुनेची मेहनत दुप्पट. अब्बांना वाटते आपल्याला शिक्षा झाली, आणि मग ते दस्तरखानावरची मिठाची कुपी हळूच जवळ ओढतात. ज्याला आज रक्तदाब नाही, त्याच्याही तब्येतीला ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. देगची एकच असावी, तिच्यातले मीठ सगळ्यांसाठी कमी असावे आणि कुपी फडताळात राहावी. एखाद्या जवान मुलाला फारच फीके वाटले तर त्याने लिंबाची फोड घ्यावी.

मिठाचे पैसे वाचतील, असे कुणी समजू नये. पुडा दहा दिवस जास्त चालला तर वाचतात ते थोडकेच. खरी बचत बाहेरच्या पाकिटांत आहे. दोन मुले रोज पाच-पाच रुपयांची चिवड्याची किंवा वेफर्सची पुडी घेत असतील तर महिन्याला ३०० रुपये होतात, आणि मिळते काय, तर मीठ आणि तेल. तेवढ्या पैशांत महिनाभराचे साधे फुटाणे, शेंगदाणे आणि अधूनमधून केळी येतात. फुटाणे बिनमिठाचे मागून घ्यावेत, भडभुंजाकडे मिळतात. नूडल्सवर मुले अडून बसली तर आतल्या मसाल्याची अर्धीच पुडी घालावी आणि गाजर, कोबी, कांदा वाढवावा. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते, त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. समजा १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झाले २ ग्रॅम. हाही भागाकार-गुणाकार आमच्या सातवीला जमतो.

महागड्या मिठांच्या मागे लागू नये. सैंधव असो, काळे असो, गुलाबी असो, सोडियम जवळपास तेवढेच, दाम मात्र कितीतरी पट, आणि आयोडिनही बहुधा नसते. आयोडिन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे, ती गलगंड आणि मुलांच्या वाढीचा विचार करून. आपले साधे आयोडिनयुक्त मीठच घ्यावे, फक्त कमी. दुकानात "कमी सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

आणखी एक सांगायचे ते हमाली, वीटभट्टी, सेंट्रिंगची कामे करणाऱ्यांबद्दल. "घाम गाळणाऱ्याला मीठ लागतेच" असे म्हटले जाते आणि त्यात थोडे तथ्य आहे. पण रोजच्या जेवणात जाते ते मीठ बहुतेकांना पुरून उरते. आम्ही मीठ बंद करायला सांगत नाही, मोजायला सांगतो. जुलाब-उलट्या होत असताना दिले जाणारे क्षार-साखरेचे पाणी हे औषध आहे, ते मिठाच्या भीतीने टाळू नये. उन्हात राबणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाने किती मीठ खावे हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे.

मीठ कमी केले म्हणून गोळी सोडता येत नाही. त्या आईच्या घरी आता डाळ आंबट होते आणि भात मिठाशिवाय शिजतो, पण नवऱ्याची गोळी रोज सकाळी घेतली जाते की नाही, हे त्यांची मुलगी बघते. रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीच दुखत-खुपत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तो तपासून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी मोफत होते आणि गोळ्याही मोफत मिळतात. जाताना पुड्यावरच्या तारखा एका चिठ्ठीवर उतरवून न्याव्यात. डॉक्टर मीठ किती खाता असे विचारतात तेव्हा सगळेच "कमीच खातो" म्हणतात. चिठ्ठी असली की आकडा सांगता येतो.